प्रोसेस कंट्रोल शिकायचंय? सुरुवात ड्रायरखालच्या सॅम्पलपासून करा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्या ताई खान्देशात मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहेत. बी.एस्सी. रसायनशास्त्र, तीन वर्षांचा अनुभव. दोन महिन्यांत ड्रायरवर एनआयआर अनालायझर (निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने ओलावा मोजणारं यंत्र) बसणार आहे आणि तो तुम्हीच सांभाळायचा, असं मॅनेजरांनी त्यांना सांगितलंय. पुण्यात राहून तीन महिन्यांचा पीएलसी-स्काडाचा (कारखाना चालवणारा औद्योगिक संगणक आणि त्याची देखरेखीची स्क्रीन) कोर्स करावा, की घरबसल्या डेटा अनालिटिक्सचा? पगार सोडून जायचं आणि नको ते शिकून परत यायचं, ही त्यांची भीती आहे.

ताई, मी सत्तावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतोय, त्यातली बरीचशी जळगाव-धुळे पट्ट्यात. स्टार्च, सरकीचं तेल, पीव्हीसी पाइप, साखर, असे सगळे प्लांट पाहून झालेत. माझं स्पष्ट मत सांगतो: आत्ता यातला एकही कोर्स करू नका. कोर्स वाईट आहेत म्हणून नाही. दोन्ही कोर्स आकडा हातात आल्यानंतरचं शिकवतात. तुमचं काम आकडा जन्माला येतो तिथून सुरू होतं, आणि ते नीट झालं नाही तर पुढचं सगळं शिक्षण वाया जातं. हे मी स्वतः चुकून शिकलोय, म्हणून आधी तेच सांगतो.

एका कारखान्यात ड्रायरनंतर ऑनलाइन ओलावा-मीटर नवा बसवला होता. सकाळी मीटर आणि लॅब यांचं छान जमायचं. दुपार झाली की लॅबचा आकडा मीटरपेक्षा अर्धा-पाऊण टक्का खाली यायचा. मीटर विकणाऱ्यांचा माणूस दोनदा येऊन बायस, म्हणजे आकड्यात सरसकट मिळवायची दुरुस्ती, बदलून गेला. मग सकाळचं बिघडलं. ड्रायरवरचे आबा मला म्हणाले, “साहेब, हाऊ मीटर खोटं बोली ऱ्हायना,” म्हणजे हा मीटर खोटं बोलतोय. मलाही तेच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी मीटरकडे न बघता सॅम्पल नेणाऱ्या पोराच्या मागे मागे गेलो. मे महिना होता. त्याच्या हातात स्टीलचा उघडा ट्रे, त्यात पाच ठिकाणची सॅम्पलं पातळ पसरलेली. उन्हातून चालत लॅबपर्यंत यायला त्याला दहा-बारा मिनिटं लागली, कारण वाटेत त्याला वजनकाट्यावरून एक पावती घ्यायची होती. लॅबमध्ये ओव्हन भरलेला, म्हणून ट्रे पंख्याखाली टेबलावर. मी त्यातलं चिमूटभर स्टार्च डिशमध्ये घेऊन बॅलन्सवर ठेवलं आणि नुसता बघत बसलो. शेवटचा आकडा थांबेचना. एकेक घर खाली, खाली, खाली. स्टार्च आमच्या डोळ्यांसमोर वाळत होतं.

मीटर खरं सांगत होता. चुकत होती ती लॅब, म्हणजे आम्ही. आणि ज्या आकड्यावर आमचा विश्वास होता त्याला जुळवण्यासाठी आम्ही धडधाकट मीटर दोनदा बिघडवला होता. जुलैत हेच उलटं होतं, हे पुढे कळलं. दमट हवेत जास्त वाळलेलं स्टार्च वाटेतच ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे मे आणि जुलै यांच्यात हवेचा जेवढा फरक पडतो, तो पाहता उघड्या सॅम्पलवर विसंबणं कुणालाच परवडणार नाही. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली, काठोकाठ भरलेली, सॅम्पल काढल्या क्षणी बंद केलेली: प्रोसेस अनालिटिक्सचा पहिला धडा हा आहे, आणि मी पाहिलेल्या एकाही कोर्सच्या माहितीपत्रकात तो नव्हता.

दुसरा धडा तुमच्या ओव्हनचा. स्टार्चचा ओलावा १३० अंशांना दीड तास वाळवून काढतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पण तुमच्या लॅबचा हा आकडा स्वतः किती डळमळतो, हे कधी मोजलंय का? वीस सॅम्पलं घ्या. प्रत्येकाच्या दोन डिश लावा, शक्यतो वेगवेगळ्या माणसांनी. दोन निकालांमधल्या फरकाचा वर्ग करा, विसांची बेरीज करा, ४० ने भागा आणि वर्गमूळ काढा. हे तुमच्या लॅबचं प्रमाण विचलन, म्हणजे तिचा आकडा साधारण किती हलतो त्याचं माप. समजा ते ०.२५ टक्के आलं. मग एनआयआरचा माणूस ०.१ ची अचूकता दाखवतो म्हणाला, तर त्याला विचारायचं: कशाशी ताडून? एनआयआर हे तुलनेवर चालणारं यंत्र आहे. तुमचा ओव्हन त्याला जे शिकवतो तेच ते शिकतं. ओव्हनची जाळी, कोपऱ्यातलं तापमान, डेसिकेटरमधलं (डिश कोरड्या हवेत थंड करायच्या भांड्यातलं) सिलिका जेल निळं आहे की ओलावा पिऊन गुलाबी पडलंय, बॅलन्स शेवटचा कधी तपासला, हे सगळं अनालायझरचाच भाग समजा.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, हे पैशात सांगतो, कारण मॅनेजरांपुढे तुम्हाला तेच मांडावं लागणार आहे. समजा ग्राहकाची मर्यादा १३ टक्के ओलाव्याची आहे. तुमचा ओलावा सरासरीभोवती ०.५ टक्क्याच्या प्रमाण विचलनाने हलतो. १३ च्या वर जवळपास काहीच जाऊ नये म्हणून तुम्ही तीन सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतर, सोडून सरासरी ११.५ वर ठेवता. मर्यादा १३ ची असताना ११.५ वर माल देणं म्हणजे दर १०० टनांमागे साधारण १.७ टन विकता येण्यासारखं वजन चिमणीतून वाफ करून सोडणं, आणि त्या वाफेसाठी इंधनही आपणच जाळायचं. हलणं निम्म्यावर, ०.२५ वर आणलं, तर सरासरी १२.२५ वर नेता येते. आधीच्या १०० टनांचे जवळजवळ १००.८५ टन होतात. मका तोच, माणसं तीच, ड्रायरही तोच. आधी हलणं कमी करायचं, मगच सरासरी सरकवायची. हा क्रम उलटा केलेला मी पाहिलाय. त्या महिन्यात परत आलेल्या ट्रकांचं भाडं वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त झालं होतं.

हलणं कमी कसं करायचं, याची सुरुवात बऱ्याचदा हात आवरण्यापासून होते. अमेरिकेतल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी बेल टेलिफोन समूहाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १९२४ साली कंट्रोल चार्ट मांडला, तो याचसाठी. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वभावतः असतोच, आणि काही चढउतार बाहेरून काही घडल्यामुळे येतो. चार्ट या दोन्हींतला फरक दाखवतो. रात्रपाळीत काय होतं, आठवून बघा. लॅबमधून १२.४ चा फोन आला की ऑपरेटर हवेचं तापमान थोडं वाढवतो. पुढचा निकाल ११.६, की कमी करतो. पुन्हा १२.३, पुन्हा वाढवतो. प्रक्रिया मुळात स्थिर असेल आणि दर वेळी मागच्या चुकीइतकी भरपाई केली, तर चढउताराचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) गणिताने दुप्पट होतो, म्हणजे प्रमाण विचलन १.४ पट. ऑपरेटर कष्टाळू असतो, प्रामाणिक असतो, आणि त्याच्याच कष्टाने माल बिघडतो. याला त्याचा दोष मानू नका. त्याच्यापुढे चार्ट ठेवलेला नाही, हा आपला दोष. एक साधा चार्ट, मध्यरेषा आणि तीन सिग्माच्या दोन रेषा. ठिपका रेषेबाहेर गेला किंवा सलग आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले तरच हात लावायचा. हे एक्सेलमध्येही होतं आणि ग्राफपेपरवरही. मी अजून ग्राफपेपरलाच पसंती देतो, कारण ठिपका स्वतःच्या हाताने मांडणारा माणूस तो विसरत नाही.

त्यात लॅबचा निकाल दोन तास जुना असतो. दीड तास ओव्हन, मग थंड करणं, वजन, फोन. तोवर ड्रायरमधून कितीतरी माल निघून गेलेला असतो. हा मधला मुका काळ म्हणजे डेड टाइम, आणि कंट्रोलच्या अख्ख्या शास्त्रात याच्याइतकी त्रासदायक गोष्ट दुसरी नाही. तुमच्या घरी शेती असेल तर हे पुस्तकाआधीच तुम्हाला समजलेलं आहे. लांब सरीला पाटाचं पाणी देताना पाणी टोकाला पोचल्यावर दारं मोडलं, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवलं, तर बांध फुटतो. दारं धरणारा ते बरंच आधी मोडतो, कारण सरीत असलेलं पाणी अजून पुढे जाणारच आहे, हे त्याला ठाऊक असतं. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फडांवर (बंधाऱ्याच्या पाण्यावर सामायिक भिजणाऱ्या शेतांवर) पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटणारे पाटकरी मनात हाच हिशोब करत आले. अनालायझरचा खरा उपयोग इथे आहे: तो दोन तासांचा मुका काळ मिनिटावर आणतो. मगच फीडबॅक कंट्रोलला, म्हणजे मोजलेला आकडा पाहून आपोआप दुरुस्ती करण्याला, अर्थ येतो.

आता लूपकडे, म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीकडे. चूक पाहून व्हॉल्व्ह किती हलवायचा हे कंट्रोलर ज्याने ठरवतो, ते पीआयडीचं गणित घाबरण्यासारखं नाही. ट्यूनिंगची (त्या गणितातले आकडे बसवण्याची) झिग्लर-निकोल्स पद्धत १९४२ ची आहे आणि प्रत्येक कोर्समध्ये ती शिकवतात. पण तिचा गाजलेला प्रकार लूपला डोलायच्या, म्हणजे आकडा सतत खाली-वर होण्याच्या, काठावर नेऊन ठेवायला सांगतो. चालत्या स्टार्च ड्रायरवर ते करू नका. त्याऐवजी कंट्रोलर मॅन्युअलवर घेऊन व्हॉल्व्हला छोटासा धक्का द्यायचा, म्हणजे तो एकदम थोडासा जास्त उघडायचा, आणि तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: धक्क्याच्या मानाने आकडा किती बदलला, बदल सुरू व्हायला किती वेळ लागला, आणि एकूण बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला त्यानंतर किती वेळ गेला. गेन, डेड टाइम, टाइम कॉन्स्टंट. या तिन्हींवरून सौम्य ट्यूनिंग काढता येतं आणि प्रक्रियेची ओळखही होते. ही चाचणी शिफ्ट इन्चार्जच्या लेखी परवानगीनेच करा. इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सुरक्षा-व्यवस्था) कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून बायपास करू नका. स्टार्चची धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पण अनालायझरची पेटी, तिचं केबल ग्लँड, अर्थिंग या गोष्टी धुळीच्या जागेला योग्य आहेत का, हे बसवताना विचारण्याचा हक्क तुमचा आहे. विचाराच.

आणि ट्यूनिंगला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह बघा. लूप डोलत असेल तर कंट्रोलर मॅन्युअलवर टाका. डोलणं थांबलं, तर दोष याच लूपमध्ये आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा ट्यूनिंगमध्ये. चालूच राहिलं, तर लाट बाहेरून येतेय. स्टीम हेडरकडे (वाफेच्या मुख्य पाइपकडे) जा. एका ठिकाणी वाफेचा लूप महिनोन्‌महिने डोलत होता, तीन इंजिनिअरांनी ट्यूनिंग बदलून पाहिलं. ट्रेंड काढला तर फ्लोची रेघ चौकोनी पायऱ्यांची आणि कंट्रोलरच्या आउटपुटची रेघ करवतीच्या दातांसारखी. ही चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची खूण. गळती नको म्हणून फिटरने ग्लँड नट (व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचं पॅकिंग दाबणारा नट) इतका आवळला होता की स्टेम, म्हणजे ती दांडी, आधी अडायचा आणि मग एकदम उडी मारायचा. पॅकिंग बदललं, नट बेताने आवळला आणि जुन्याच ट्यूनिंगवर लूप शांत झाला.

सेन्सरचंही तसंच. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तापमान-सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५. म्हणजे अंशामागे ०.३८५ ओहम. दोनच वायरींनी जोडलेल्या सेन्सरच्या तारेत एक ओहम रोध असला तरी अडीच अंशांहून जास्त चूक आधीच बसली. म्हणून तीन वायरी: तिसरीमुळे तारेचा रोध हिशोबातून वजा करता येतो. तुमच्या कंट्रोल पॅनलवर जे तापमान दिसतं, त्याची वायर कुठून कशी येते, हे एकदा इन्स्ट्रुमेंटच्या माणसासोबत चालत जाऊन बघा. केमिस्ट असं फिरताना दिसला की आमच्या लोकांना आनंदच होतो, खरंच सांगतो.

एनआयआरविषयी थोडं खोलात, कारण तुमची परीक्षा तिथेच आहे. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, म्हणून ओलाव्यासाठी हे तंत्र उत्तम. पण स्पेक्ट्रमवरून टक्के काढायला मॉडेल लागतं, बहुतेक वेळा पीएलएस, म्हणजे अनेक तरंगलांबींचे आकडे एकत्र करून अंदाज काढणारी सांख्यिकी पद्धत. इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, कॅलिब्रेशनची सॅम्पलं एका आठवड्यातली, सगळी १२ ते १२.५ च्या मधली. एवढ्याशा पट्ट्यातून मॉडेल काय शिकणार? तुम्हाला ९ पासून १५ पर्यंतची सॅम्पलं हवीत. ती प्लांट सुरू होताना, बंद होताना, फीड अडखळताना मिळतात. म्हणून आत्तापासून, यंत्र यायच्या आधीपासून, अशा वेळी बाटल्या भरून ठेवायची सवय लावा. दुसरी चूक, मॉडेलमध्ये फॅक्टर (स्पेक्ट्रममधून ते वेचून घेतं ते घटक) वाढवत नेणं. फॅक्टर वाढवले की कॅलिब्रेशनची चूक कमी होतच जाते आणि अहवाल सुंदर दिसतो. प्रत्यक्षात मॉडेल गोंगाट, म्हणजे आकड्यांतली निरर्थक हालचाल, पाठ करत असतं. खरी कसोटी मॉडेलने कधीच न पाहिलेल्या, वेगळ्या दिवसांच्या, वेगळ्या पाळ्यांच्या सॅम्पलांवर. आपल्याकडे यात खरीप आणि रब्बी मक्याचा फरकही धरा. पाण्याचे शोषणपट्टे तापमानाने सरकतात, त्यामुळे जानेवारीत बांधलेलं मॉडेल मे महिन्यात तपासल्याशिवाय चालवू नका. प्रोबच्या काचेवर स्टार्च बसतं, ते वेगळंच. काच कधी पुसली याची वही ठेवा.

आता शिकायचं कुठे. पहिले तीन-चार महिने नोकरी न सोडता एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण-उपक्रमावरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं घ्या. प्रोसेस कंट्रोल आणि इंडस्ट्रियल ऑटोमेशन या दोन्ही विषयांवर आहेत. ऐकायला पैसे लागत नाहीत, शुल्क फक्त परीक्षेचं. इंग्रजी फार वेगवान वाटली तर तोच तास दोनदा ऐका. मी पन्नाशीला टेकल्यावर असंच शिकलो. मोजमाप आणि कॅलिब्रेशनचं हाताने शिकायचं असेल तर मुंबईत चुनाभट्टीला आयडीईएमआय ही केंद्र सरकारची संस्था आहे. फ्लोमीटरचं काम वाढलं तर केरळात पालक्काडला एफसीआरआय (फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट). जवळचं म्हणाल तर जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशनची शाखा आहे, आणि बहिणाबाई चौधरी विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटा. चालू कारखान्याचा खरा डेटा घेऊन आलेली व्यक्ती विद्यापीठाला हवीच असते, आणि सांख्यिकी समजावून सांगणारा माणूस तुम्हाला तिथे मिळेल. डेटा अनालिटिक्ससाठी वेगळी फी भरू नका. एक्सेल पक्कं करा, मग पायथन. दोन्ही स्वतःच्याच ड्रायरच्या आकड्यांवर. दुसऱ्याने धुऊन-पुसून दिलेला डेटा वापरून शिकलेला माणूस आपल्या डेटात सेन्सर चार तास एकाच आकड्यावर गोठला होता, हे ओळखू शकत नाही.

पुण्याच्या कोर्सची वेळ एका वर्षाने येईल, आणि तेव्हा तो तुम्हाला तिप्पट उपयोगी पडेल. प्रवेशाआधी तिथे जाऊन प्रयोगशाळा बघा. खरा टँक, पंप, ट्रान्समीटर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह असलेला, पाणी फिरवणारा लूप आहे का, की सगळं स्क्रीनवरच? ४ ते २० मिलीअँपियरची, म्हणजे सेन्सरचा आकडा विद्युतप्रवाहाच्या रूपात नेणारी, वायर तुम्हाला स्वतः काढून, तुटली की आकडा काय होतो, ते बघू देतात का? शिकवणाऱ्यांनी प्लांटमध्ये पाळी केलीय का? एका सेटवर किती जण बसतात? उत्तरं गोलमोल आली तर परतीची बस पकडा. आणि कोर्सचा खर्च कारखान्याने उचलावा, असं मॅनेजरांना नक्की म्हणा. वर १.७ टनांचा हिशोब दिलाय, तो तुमच्या टनांनी आणि तुमच्या भावाने मांडून न्या.

आत्ता लगेच काय? दोन डझन बाटल्यांची मागणी टाका, रुंद तोंडाच्या, रबरी सीलच्या झाकणाच्या. त्या आल्या की आठवडाभर प्रत्येक सॅम्पल दोन प्रकारे न्या: एक नेहमीसारखं, एक बाटलीत. सोबत वेळ आणि बाहेरचं तापमान लिहा. दोन्ही ओव्हनला एकाच वेळी लावा. दुपारच्या पाळीचा फरक रात्रीच्या पाळीपेक्षा मोठा आला, तर अनालायझर येण्याआधीच तुमचं पहिलं काम सापडलं. आकडे मला पाठवा, मी बघतो.